गोचिडीने काढलेला रस्ता

गोचीड उपाशी असली तर तिळाएवढी असते आणि रक्त पिऊन टरारली तर एरंडाच्या बीएवढी. एवढ्याशा जिवापायी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात १८५० किलोमीटर लांबीची वाट पडली. वाटेवर ४८ विहिरी खणल्या गेल्या, माणसांना साखळदंड घातले गेले, खून पडले, चौकशी आयोग बसला. आणि ज्या कामासाठी हा खटाटोप झाला त्या कामाला ती वाट फारशी आलीच नाही. तिचं नाव कॅनिंग स्टॉक रूट. जगातली सर्वात लांब ऐतिहासिक गुरवाट म्हणून ती ओळखली जाते. आज हौशी लोक फोर-बाय-फोर गाड्या घेऊन तिच्यावरून जातात आणि बहुतेकांना गोचिडीचं नावही ठाऊक नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कूलगार्डी आणि कलगुर्लीला सोनं सापडलं. दक्षिणेकडे माणसांची रीघ लागली आणि मांसाचे भाव कडाडले. उत्तरेला किंबर्ली भागात गुरं भरपूर होती. पण पूर्व किंबर्लीतल्या गुरांना गोचीड लागली होती आणि तिच्यातून ‘रेडवॉटर’ ताप पसरायचा, जनावराची लघवी लाल व्हायची आणि ते मरायचं. म्हणून सरकारने ही गुरं जहाजाने दक्षिणेत आणायला बंदी घातली. पश्चिम किंबर्लीच्या मालकांचं फावलं, बाजार त्यांच्या मुठीत गेला. मग पूर्वेकडच्यांच्या बाजूने एक अफलातून तोडगा पुढे आला. गुरं समुद्रातून नकोत ना? वाळवंटातून चालवत आणू. कोरड्या हवेत गोचीड तग धरत नाही, वाटेत गळून मरेल. तर्क बिनचूक होता. प्रश्न एवढाच होता की गुरांनी तग कसा धरायचा.

आता हे वाळवंट केवढं, ते बघू. पश्चिम ऑस्ट्रेलिया हे एकच राज्य सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे भारताच्या पाऊण. लोकवस्ती तीस लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेत जेवढी होती साधारण तेवढीच, आणि तीही बहुतेक पर्थ शहरात एकवटलेली. कॅनिंगची वाट ज्या भागांतून जाते त्यात ईस्ट पिलबारा नावाची एक ‘शायर’ आहे. आपल्याकडच्या नगरपालिकेसारखीच स्थानिक संस्था, पण क्षेत्रफळ सुमारे पावणेचार लाख चौरस किलोमीटर. सगळा महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा. म्हणजे आपलं अख्खं राज्य या नगरपालिकेत बसवून वर कर्नाटकाचा बराचसा तुकडा कोंबता येईल. तिथली लोकसंख्या दहा हजारांच्या घरात. आपल्याकडे एका मोठ्या गृहसंकुलात एवढी माणसं राहतात आणि पार्किंगवरून भांडतात.

असे आकडे वाचताना मजा येते, पण खरं सांगायचं तर त्यांनी काही कळत नाही. लाख चौरस किलोमीटर आणि दहा लाख चौरस किलोमीटर यांतला फरक डोक्यात शिरत नाही, दोन्ही नुसते ‘खूप’ होऊन बसतात. वाळवंटाचं खरं माप चौरस किलोमीटरमध्ये नसतंच. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत किती, हे ते माप. आणि कॅनिंगच्या वाटेवर ते माप माणसाच्या तहानेवरून नाही, गाईच्या तहानेवरून ठरलं.

हिशेब असा. चरत चरत चालणारा कळप दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जातो. वाळवंटातली गाय दिवसाला निदान ४५ लिटर पाणी पिणार. कळप ८०० जनावरांपर्यंतचा धरला होता. आठशे गुणिले पंचेचाळीस, ३६ हजार लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे साडेतीन टँकर, दर मुक्कामाला, एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. आणि असे पाण्याचे मुक्काम पन्नासेक. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचार केला की या वाटेचा वेडेपणा लक्षात येतो. नकाशावर ती रेघ विलुना गावापासून हॉल्स क्रीकपर्यंत जाते. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंतचं रेल्वेचं अंतर १९६८ किलोमीटर आहे, त्याहून थोडीच कमी. मधे तेव्हा एकही गाव नव्हतं.

हे काम सोपवलं गेलं आल्फ्रेड कॅनिंग या सर्वेअरवर. माणूस अंतराला सरावलेला होता. याआधी सशांना अडवण्यासाठीच्या कुंपणाची आखणी त्यानेच केली होती, आणि त्यातलं पहिलं कुंपण सुमारे १८३० किलोमीटर लांब होतं. म्हणजे ससे आणि गोचिडी या दोन शत्रूंसाठी एकाच गृहस्थाने जवळजवळ सारख्याच लांबीच्या दोन रेघा एका खंडावर ओढल्या. वसाहतीच्या सरकारांना रेघा ओढण्याची भारी हौस!

मे १९०६ मध्ये कॅनिंग मोहिमेवर निघाला. बरोबर सात माणसं, २३ उंट, दोन घोडे. वाळवंट ओलांडून हॉल्स क्रीकला पोचायला १९०७ चा जानेवारी उजाडला. वाटेत पाणी शोधायचं कसं? ज्यांना ते माहीत होतं त्यांना पकडून. कॅनिंगने मोहिमेच्या सामानात साखळ्या आणि बेड्या घेतल्या होत्या. मार्टू आणि इतर आदिवासी माणसांना धरायचं, मानेला साखळी घालायची, रात्री झाडाला बांधायचं, आणि ती नेतील तिथे पाण्यापर्यंत जायचं. याच्या दहाच वर्षं आधी डेव्हिड कार्नेगी नावाचा प्रवासी याच मुलखातून गेला. त्याने तर पकडलेल्या माणसांना खारवलेलं मांस खायला घालून पाण्यावाचून ठेवलं, म्हणजे तहानेने व्याकूळ होऊन ती पाण्याकडे धावतील. हे त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही.

परतीच्या वाटेवर एप्रिल १९०७ मध्ये कॅनिंगच्या तुकडीतला मायकल टोबिन भाल्याने मारला गेला. भाला मारणाराही त्याच वेळी टोबिनच्या गोळीने पडला. पर्थला परतल्यावर मोहिमेचा आचारी एडवर्ड ब्लेक याने तक्रार केली की आदिवासींना वाईट वागवलं. १९०८ च्या सुरुवातीला रॉयल कमिशन बसलं. कॅनिंगने साखळ्यांचा वापर नाकारला नाही, गरज होती म्हणाला. कमिशनने त्याला निर्दोष ठरवलं आणि सरकारने त्याच वर्षी विहिरी खणायला पाठवलं. आचाऱ्याचं पुढे कुणी ऐकलं नाही.

या भागातल्या काट्‌जारा डोंगरात कार्नाटुकुल नावाचा एक खडकनिवारा आहे. तिथला मानवी वावर पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा निघाला आहे. पन्नास हजार वर्षं माणसं इथे राहिली ती पाण्याची प्रत्येक जागा पाठ असल्याशिवाय नाही. कुठे वाळूत हात घातला की झरा लागतो, कुठे खडकाच्या खळग्यात पावसानंतर चार महिने पाणी टिकतं, कुठल्या ऋतूत कुठल्या पाण्यावर जायचं, हे गाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. कॅनिंगच्या विहिरी बहुतेक याच जागांवर उभ्या आहेत. त्याने वाळवंटात पाणी शोधलं असं म्हणणं उदारपणाचं होईल. त्याने पाण्याचे पत्ते काढून घेतले.

मार्च १९०८ ला खणायची मोहीम निघाली तेव्हा तिच्यात तीसेक माणसं, ७० उंट, शंभर टन धान्य-सामान आणि २६७ शेळ्या होत्या. शेळ्या दुधासाठी आणि मांसासाठी, चालता-बोलता शिधा. एक उंट फार तर तीन-चारशे किलो उचलतो, म्हणजे सत्तर उंटांच्या पाठीवर एका वेळी पंचवीसेक टन. गाड्या होत्या तरी बाकीचं सामान टप्प्याटप्प्याने, मागे-पुढे फेऱ्या मारत न्यावं लागणार हे उघड आहे. एप्रिल १९१० पर्यंत ४८ विहिरी तयार झाल्या. पंचवीस महिने म्हणजे साडेसातशेहून जास्त दिवस, भागिले ४८. सरासरी सोळा दिवसांना एक विहीर, आणि त्या सोळा दिवसांतच पुढच्या जागेपर्यंतची चालही आली. आपल्याकडे सरकारी योजनेतल्या विहिरीची नुसती फाईल सोळा दिवसांत तहसीलमधून हलत नाही.

या उंटांचा मुंबईशी एक जुना धागा आहे. ऑस्ट्रेलियात उंट मुळात नव्हते. १८६० साली बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्सने २४ उंट जहाजाने मेलबर्नला नेले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे १८७० ते १९२० या पन्नास वर्षांत वीस हजारांपर्यंत उंट समुद्रापार गेले. त्यांच्याबरोबर दोनेक हजार उंटवालेही गेले, बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी. ऑस्ट्रेलियन लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ करून टाकलं. मोटारी आल्या, उंटांचं काम संपलं, उंट रानात सोडून दिले गेले. २००९ च्या नोव्हेंबरात डॉकर रिव्हर या साडेतीनशे वस्तीच्या गावात तहानलेले सहा हजार रानउंट शिरले. माणशी सतरा उंट! नळ तोडले, पाण्याच्या टाक्या उलथल्या, लोकांना घराबाहेर पडता येईना. शेवटी हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून त्यांना मारायचं ठरलं.

विहिरीकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. काही विहिरी माणसाच्या उंचीएवढ्याच खोल आहेत, पण पाच नंबरची जवळजवळ ३२ मीटर. दहा मजली इमारत जमिनीत उलटी पुरावी एवढी. पाणी काढायची पद्धत म्हणजे आपली मोटच, फक्त बैलांच्या जागी उंट. विहिरीच्या तोंडावर खांब, त्यावर चाक, चाकावरून दोर, दोराच्या एका टोकाला मोठी बादली आणि दुसऱ्या टोकाला जुंपलेला उंट. उंट धावेवरून चालत गेला की बादली वर येते, डोणीत रिकामी होते, उंट मागे फिरतो. समजा बादली दीडशे लिटरची धरली, तर ३६ हजार लिटरला २४० बादल्या. प्रत्येक बादलीला उंट ३२ मीटर पुढे आणि ३२ मीटर मागे. गुणाकार करा, पंधरा किलोमीटरच्या वर जातो. दिवसभरात कळप जेवढा चालून आला त्याच्या पाऊणपट चाल उंटाने त्या एका विहिरीच्या काठावर, येरझाऱ्या घालत करायची. आणि एका खेपेला दोन मिनिटं धरली तरी आठ तास. दिवसभर गुरांमागे फिरलेल्या गुराख्यांनी मग रात्रभर मोट हाकायची. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ‘विहीर आहे’ आणि ‘पाणी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एवढं करून वापर किती झाला? १९११ ते १९३१ या वीस वर्षांत या वाटेने दक्षिणेत आले ते आठ कळप. आठ! एका कळपामागे सहा विहिरी पडल्या. १९११ सालच्या पहिल्यावहिल्या कळपाचे गुराखी थॉमसन आणि शूस्मिथ ३७ नंबरच्या विहिरीपाशी मारले गेले, त्यांना तिथेच पुरलं. पोलिसांची तुकडी सूड घ्यायला गेली आणि तिने आदिवासींना गोळ्या घातल्या. नंतर विहिरी मोडलेल्या सापडू लागल्या, खांब जाळलेले, दोर तोडलेले. यात आश्चर्य काय? ज्या झऱ्यावर वाकून ओंजळीने पाणी पिता यायचं तिथे आता लाकडांनी बांधलेला खोल चौकोनी खड्डा होता आणि बादली ओढायला उंट लागत होता. गुरांसाठी पाण्याची सोय झाली, ज्यांचं पाणी होतं त्यांची गैरसोय झाली. १९२९ मध्ये विल्यम स्नेल दुरुस्तीला गेला, काम अर्धवट राहिलं. मग सत्तरीला आलेल्या कॅनिंगलाच पुन्हा बोलावलं. म्हातारा गेला आणि काम पुरं करून १९३१ ला परतला. पुढे वापर जरा वाढला, पण १९५९ मध्ये शेवटचा कळप आला आणि वाट वाळूखाली जाऊ लागली.

१९६४ मध्ये ती पुन्हा कामाला आली ती भलत्याच कारणाने. वूमेरा तळावरून ब्रिटिशांचं ‘ब्लू स्ट्रीक’ रॉकेट उडणार होतं आणि त्याचे अवशेष याच भागात पडण्याची शक्यता होती. मुलूख रिकामा आहे ना, याची खात्री करायला माणसं गाड्या घेऊन गेली, तर पर्सिव्हल सरोवरांपाशी त्यांना मार्टू बायका-मुलांचा एक गट आढळला. वीस जण. गोरा माणूस आणि मोटार त्यांनी त्याआधी पाहिलेली नव्हती. त्यांतल्या युवाली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने पुढे सांगितलेल्या आठवणींवर पुस्तक आणि माहितीपट झाला आहे. लाखो चौरस किलोमीटरच्या नकाशावर सरकारने ‘निर्मनुष्य’ असा शिक्का मारला होता, त्यात वीस माणसं आपापल्या पाण्यावर सुखाने होती.

यानंतर चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, तिघांनी पहिल्यांदा मोटारीने सगळी वाट पार केली. तेव्हापासून हिशेब बदलला. गाईच्या पाण्याऐवजी डिझेलचा हिशेब सुरू झाला, पण गणिताचा साचा तोच राहिला.

विलुनाहून निघालं की पहिला पंप कुनावारित्‌जी या मार्टू वस्तीत, साधारण हजार किलोमीटरवर. मुंबईत टाकी भरून निघालात आणि पुढचा पंप गोंदिया ओलांडून छत्तीसगडात लागला, तर कसं होईल, तसं. वाळूत गाडी शंभर किलोमीटरला वीस-पंचवीस लिटर पिते. म्हणजे दोन-अडीचशे लिटर, वजन सुमारे दोनशे किलो. दोन माणसांना दिवसाला पाच-पाच लिटर पाणी, अठरा दिवसांचं १८० किलो. वर खाणं, दोन स्टेपन्या, हत्यारं, तंबू. जितकं ओझं जास्त तितकं डिझेल जास्त, आणि जितकं डिझेल जास्त तितकं ओझं जास्त. डोक्यावरून उडणाऱ्या रॉकेटच्या इंजिनिअरांना नेमका हाच गुंता सोडवायचा होता. बरीच वर्षं लोकांनी त्यावर तोड काढली ती अशी की न्यूमन गावच्या पंपावर आगाऊ पैसे भरायचे आणि २३ नंबरच्या विहिरीजवळ आपल्या नावाचं दोनशे लिटरचं पिंप टाकून ठेवायचं.

वाटेत वाळूच्या टेकड्या नऊशेच्या वर आहेत. याचं कारण वाऱ्यात आहे. इथल्या टेकड्या सुट्या ढिगाऱ्यांसारख्या नसतात, पूर्व-पश्चिम मैलोन्‌मैल लांब बांधांसारख्या एकमेकींना समांतर पसरलेल्या असतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यातून गेलं तर प्रवास सोपा. पण कॅनिंगला जायचं होतं उत्तर-दक्षिण, म्हणून प्रत्येक बांध आडवा ओलांडणं आलं. चढावर चाकांनी वाळू उकरून खड्डे केलेले असतात. टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा जातो. मग गिअर धरून चढायचं. जमलं नाही तर मागे येऊन पुन्हा. समोरून कुणी त्याच वेळी चढत असेल तर माथ्यावरच टक्कर, म्हणून प्रत्येक गाडीपुढे उंच काठीवर लाल-केशरी झेंडा लावलेला असतो, टेकडीमागून आधी तो दिसतो.

आणि गवत. स्पिनिफेक्स नावाचं, सुयांसारख्या पात्यांचं, राळेने भरलेलं. त्याची बी रेडिएटरला बसते आणि इंजिन तापतं, म्हणून पुढे जाळी बांधतात. त्याहून वाईट म्हणजे वाळलेली काडी गाडीच्या पोटाखाली तापलेल्या सायलेन्सरपाशी अडकून बसते. दर थांब्याला चालक जमिनीवर उताणा पडून, हातात वाकडी तार घेऊन ती काढतो. धूर दिसल्यावर काढायला गेलं तर बहुधा उशीर झालेला असतो. वाटेच्या कडेला जळलेल्या गाड्यांचे सांगाडे आहेत ते बहुतांश या गवताने खाल्लेले. नुसती बंद पडलेली गाडी ओढून आणायची तर ओढणाऱ्या ट्रकलाही त्याच टेकड्या, तेच अंतर, स्वतःचं येण्या-जाण्याचं डिझेल. बिल कधी कधी गाडीच्या किमतीलाही भारी पडतं.

एवढं सगळं करून दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. शंभर वर्षांची यंत्रविद्या, टर्बो डिझेल, उपग्रह फोन, आणि आपण गाईपेक्षा पाचपट वेगाने जातो. बस्स, पाचपट.

२००५ मध्ये याकुब पोस्टशिगाच या पोलिश तरुणाने ही वाट जाड टायरच्या सायकलवरून एकट्याने, मागे एका चाकाचा गाडा लावून, ३३ दिवसांत पार केली. दिवसाला सरासरी ५६ किलोमीटर, म्हणजे मोटारीच्या निम्मं. ना डिझेल, ना पिंप, ना वाटेत कुणाची रसद. तेहतीस दिवसांचं खाणं त्याने गाड्यावर ओढलं. पाणी तेवढं ओढणं शक्य नव्हतं, दीडशे लिटरच्या वर गेलं असतं. ते त्याने विहिरींतून काढलं. दुरुस्त केलेल्या विहिरी तेव्हा मोजक्याच होत्या, बाकीच्यांत पाणी असलंच तर त्यात कधी मेलेला उंट तर कधी डिंगो जातीचं रानकुत्रं. तेव्हा पिण्याजोगी विहीर लागली की पुढच्या पिण्याजोग्या विहिरीपर्यंतचं अंतर मोजायचं, तेवढ्या दिवसांचं पाणी भरायचं आणि ते वजन ओढत टेकडी चढायची.